ॲनिमेशनवरून जनुकशास्त्र आणि शरीरक्रिया कशी शिकायची: एक मोबाइल, थोडं सूत आणि चार टिचबटणं

चार मिनिटांचं ॲनिमेशन नीट शिकायला चाळीस मिनिटं लागतात. हा हिशेब सुरुवातीलाच मान्य करून टाका. बहुतेक जण चार मिनिटांचा व्हिडिओ चार मिनिटांत बघतात, "कळलं" म्हणतात आणि पुढचा लावतात. मग कोणी कोरा कागद पुढे करून विचारलं, की हृदयातली कोणती झडप आधी मिटते, तर पेन जागच्या जागी थांबतं. यात हुशारीचा संबंध नाही. हलतं चित्र किती वेगाने सरकायचं हे व्हिडिओ ठरवतो. तुमचं डोकं मागे राहिलं तरी तो थांबत नाही, आणि चित्र देखणं असलं की मागे राहिल्याचं लक्षातही येत नाही.

हा लेख मुख्यतः सोलापुरात दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हाती पडलेल्या मुलामुलींसाठी आहे. नर्सिंग, डीएमएलटी किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असाल तरी चालेल. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असाल तर शब्दांचं ओझं आणखी एका भाषेचं, म्हणून सुरुवात शब्दांपासूनच करू.

आधी वही, मग व्हिडिओ

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: इंग्रजी शब्द जसा उच्चारतात तसा, दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, आणि तो काय करतो हे तुमच्या भाषेत एका ओळीत. तिसरा रकाना टाळू नका, खरा अभ्यास तिथेच होतो.

काही ठिकाणी मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त बोलका आहे. ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन या जोडीत दरवर्षी निम्मा वर्ग गोंधळतो, कारण दोन्ही शब्द सारखेच सुरू होतात. प्रतिलेखन आणि भाषांतरण म्हटलं की गोंधळ संपतो. प्रतिलेखनात भाषा तीच राहते, डीएनएच्या अक्षरांची आरएनएच्या अक्षरांत नक्कल होते, फक्त टीच्या जागी यू येतो. भाषांतरणात भाषाच बदलते: अक्षरांतून अमिनो आम्लांत. इंग्रजी शब्द परीक्षेपुरते पाठ करा, समजून मराठीत घ्या.

बाकी साहित्य फार नाही. मोबाइल, हेडफोन, कोरे ए-४ कागद, एक काळं आणि एक लाल पेन. जमलं तर कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक घ्या, कारण तिथे यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं आणि स्वल्पविरामाची दाबली की मागे येतं. मोबाइलवर ही सोय नाही, तिथे वेग ०.५ करून भागवा. डेटा वाचवायचा तर ४८०पी पुरेसं आहे. लेबलं वाचता आली म्हणजे झालं.

व्हिडिओ निवडताना पहिल्या मिनिटात तीन गोष्टी बघा. एक: आकार किंवा वेळ यांचं माप कुठेतरी दिलंय का? दोन: कोणता रंग कशासाठी, हे सांगितलंय का? तीन: एका व्हिडिओत एकच प्रक्रिया आहे का? "संपूर्ण जनुकशास्त्र २० मिनिटांत" असल्या मथळ्याचा व्हिडिओ उजळणीला ठीक, शिकायला निरुपयोगी. तीन ते सहा मिनिटांचा, एकच गोष्ट दाखवणारा, शांतपणे बोलणारा व्हिडिओ शोधा. पार्श्वसंगीत दणक्याचं असेल तर सोडून द्या.

बघण्याच्या पाच फेऱ्या

पहिली फेरी आवाज बंद करून. कुठेही थांबू नका. संपल्यावर फक्त नावं लिहा: काय काय हललं? नाव माहीत नसेल तर "निळा गोळा", "पिवळी साखळी" असं लिहा.

दुसरी फेरी आवाजासह. आता थांबायचं, पण घड्याळ बघून नाही. एखादी गोष्ट आकार बदलते, तुटते, चिकटते, दार उघडतं, अशा प्रत्येक वळणाच्या अलीकडे थांबा आणि पुढे काय होणार हे एका ओळीत लिहा. मग चालू करा. अंदाज चुकला तर लाल पेनाने शेजारी बरोबर लिहा. चार मिनिटांत साधारण सहा ते आठ वळणं येतात. या फेरीला पंधरा मिनिटं जातात आणि सगळ्यात जास्त पदरात हीच टाकते.

तिसरी फेरी व्हिडिओ बंद करून. ए-४ कागद तीनदा दुमडा, आठ चौकटी तयार होतात. आठवेल तसं प्रत्येक चौकटीत एक टप्पा काढा. चित्र ओबडधोबड चालेल, पण बाण हवेत: कोण, कुठून, कुठे.

चौथी फेरी म्हणजे पुन्हा व्हिडिओ आणि लाल पेन. पाचवी दुसऱ्या दिवशी, व्हिडिओ न लावता, पुन्हा आठ चौकटी. पाचवीत जी चौकट कोरी राहते तेवढाच भाग परत बघा.

एक उपयोगी युक्ती: महत्त्वाच्या फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलच्या एडिटमध्ये लेबलांवर काळ्या रेघा ओढा. अशी दहा चित्रं गॅलरीत ठेवली की बसची वाट बघताना उजळणी होते.

ॲनिमेशन कुठे खोटं बोलतं

खोटं बोलल्याशिवाय ॲनिमेशन बनतच नाही. ते कुठे बोललंय एवढं मात्र ओळखता यायला हवं.

व्हिडिओतली पेशी दिवाळीला आवरलेल्या घरासारखी मोकळी दिसते. खरी पेशी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीसारखी रेणूंनी खचाखच भरलेली असते. तिथे कोणी ठरवून कुठे जात नाही, सगळे उष्णतेने धडका खात फिरतात. भाषांतरणाच्या व्हिडिओत अमिनो आम्ल आणणारा योग्य टीआरएनए पत्ता माहीत असल्यासारखा सरळ रायबोसोमवर, म्हणजे प्रथिन जोडणाऱ्या यंत्रावर, येऊन बसतो. प्रत्यक्षात चुकीचे कितीतरी टीआरएनए येऊन परत जातात, तेव्हा एक जुळतो. हे डोक्यात नसेल तर "एन्झाइमला कसं कळतं कुठे जायचं?" हा प्रश्न आयुष्यभर सतावतो. त्याला काही कळत नाही. जुळलं तर चिकटतं, एवढंच.

रंगही खोटे. ऑक्सिजन कमी झालेलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं.

मापाचं खोटं सुताने पकडा. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. टॉवेलाचं १ मिलिमीटर जाडीचं सूत म्हणजे डीएनए धरलं, तर सगळं पाच लाख पटींनी मोठं झालं. मग एका पेशीतला २ मीटर डीएनए होतो १००० किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून पुण्याला दोनदा जाऊन-येऊन. आणि ६ मायक्रोमीटरचं केंद्रक होतं फक्त ३ मीटर रुंदीची खोली. तेवढ्या खोलीत ते सूत गुंता न होता बसवायचंय, तेही ४६ तुकड्यांत. डीएनए गुंडाळून ठेवणारी हिस्टोन प्रथिनं कशासाठी लागतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेगाचं खोटं दोन्ही बाजूंनी असतं. चेतापेशीतला एक ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे विजेचा एक ठोका, १ ते २ मिलिसेकंदांत आटोपतो. व्हिडिओ तो २० सेकंदांत दाखवत असेल तर वेग निदान दहा हजार पटींनी कमी केलाय. उलट माणसाच्या पेशीत रायबोसोम सेकंदाला साधारण ५ अमिनो आम्लं जोडतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीला सुरुवातीच्या मेथिओनिनसह १४७ लागतात, म्हणजे सुमारे अर्धा मिनिट. व्हिडिओ ते दहा सेकंदांत गुंडाळतो. प्रत्येक व्हिडिओच्या टिपणात वर कोपऱ्यात "वेग: किती पट" हे लिहायची सवय लावा.

जकार्डचे पत्ते आणि तीन अक्षरांचे शब्द

सोलापुरात जनुकाची उपमा शोधायला लांब जावं लागत नाही. जुन्या जकार्ड मागावर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. एका पत्त्यावरच्या छिद्रांनी ठरतं, की या फेरीला ताण्याचे कोणते धागे उचलले जातील. मग धोटा जातो आणि नक्षीची एक ओळ पडते. पत्ता म्हणजे मोर नाही, मोर कसा विणायचा याची सूचना आहे. जनुक आणि प्रथिन यांचं नातं असंच. जकार्डने हा माग १८०४ मध्ये बनवला, जनुकाचा पत्ता लागायच्या कितीतरी आधी.

पण उपमा जिथे मोडते तिथेच खरा धडा आहे. मागावर मूळ पत्तेच लावतात. पेशी मूळ डीएनए केंद्रकात ठेवते आणि एमआरएनएची नक्कल बाहेर पाठवते. पत्त्यांची माळ गोल फिरत राहते. एमआरएनएला सुरुवातीचा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) आहे आणि थांबायचे तीन. सगळ्यात मोठा फरक म्हणजे पत्त्यांच्या कडा ठरलेल्या असतात. एक छिद्र चुकलं तर एक धागा चुकतो, एक पत्ता गळाला तर एक ओळ गळते, पुढची नक्षी शाबूत राहते. कोडॉनांमध्ये कडा नाही, स्वल्पविराम नाही. एकच अक्षर गळलं की तिथून पुढचे सगळे तीन-तीनचे गट सरकतात. यालाच फ्रेमशिफ्ट म्हणतात. तीन अक्षरं एकदम गळली तर मात्र पत्ता गळाल्यासारखं होतं.

हे करून बघा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या एमआरएनएची सुरुवात अशी आहे:

एयूजी – जीयूजी – सीएयू – सीयूजी – एसीयू – सीसीयू – जीएजी – जीएजी – एएजी

प्रत्येक अक्षर वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, २७ चिठ्ठ्या होतील. ६४ कोडॉनांचा तक्ता समोर ठेवून वाचा: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. आता पहिल्या जीएजीमधला ए काढून तिथे यू ठेवा. जीयूजी म्हणजे व्हॅलिन. सिकलसेल आजारातला बदल तो हाच, एका अक्षराचा. चिठ्ठी परत जागेवर ठेवा आणि आता चौथी चिठ्ठी काढूनच टाका, बाकीच्या डावीकडे सरकवा, पुन्हा वाचा. काय होतं ते बोटांना कळेल.

इथे एक खड्डा आहे. काही व्हिडिओ हा बदल सहाव्या जागी सांगतात, काही सातव्या. दोन्ही बरोबर. सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापलं जातं, ते मोजलं तर सातवी, नाही मोजलं तर सहावी. पाठ्यपुस्तकं बहुधा सहावी म्हणतात.

पीएचईटी नावाच्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संचात जनुक-अभिव्यक्तीचं हाताळायचं सिम्युलेशन आहे. त्यात तुम्ही स्वतः पॉलिमरेज उचलून डीएनएवर ठेवता. ही सिम्युलेशन्स फुकट आहेत, एकदा डाउनलोड केली की इंटरनेटशिवाय चालतात, आणि काही मराठीतही आहेत. बघण्यापेक्षा हाताळणं केव्हाही बरं.

अर्धसूत्री विभाजन: स्वतःचं ॲनिमेशन करा

युग्मक (अंडपेशी किंवा शुक्रपेशी) बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं हे विभाजन. हा एक विषय असा, की दहा व्हिडिओ बघून जे होत नाही ते एकदा स्वतः फिल्म केल्याने होतं. दोन तास काढा.

चार गुणसूत्रांची पेशी घ्यायची: एक लांब जोडी, एक आखूड जोडी. लाल सूत आईकडून आलेलं, निळं वडिलांकडून. पेशीविभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल झालेली असते, म्हणून प्रत्येकाचे दोन धागे लागतात:

लाल, १२ सेंमी: २ धागे
निळं, १२ सेंमी: २ धागे
लाल, ६ सेंमी: २ धागे
निळं, ६ सेंमी: २ धागे
टिचबटणं: ४
पेशीच्या कडेसाठी नाडी: दीड मीटर

टॉवेलच्या कारखान्यात उरल्यासुरल्या सुताचे गुंडे सहज मिळतात, नाहीतर शिवणाच्या दुकानातली लोकर घ्या. प्रत्येक धाग्याच्या मध्यावर टिचबटणाचा अर्धा भाग शिवा, त्याच्या जोडीच्या धाग्यावर दुसरा अर्धा. दाबून बसवलं की दोन भगिनी-धागे मिळून एक गुणसूत्र. बटण म्हणजे सेंट्रोमिअर.

खाली पांढरी साधी चादर अंथरा. सोलापुरी चादर नको, तिच्या नक्षीत धागे हरवतात. प्लॅस्टिकच्या स्टुलाच्या कडेला मोबाइल असा टेकवा की कॅमेरा सरळ खाली बघेल, आणि वर पुस्तक ठेवून दाबून टाका. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. तो केला नाही तर फिल्म लुकलुकते. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर धागे उडतात. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरकलेलं बरं, दुपारी घामाचे थेंब गुणसूत्रांवर पडतात. सेकंदाला ५ फोटो, ३० सेकंदांची फिल्म, म्हणजे १५० फोटो. दोन फोटोंमध्ये धागा एक सेंटिमीटरपेक्षा जास्त हलवू नका. जोडायला कोणतंही स्टॉप-मोशन ॲप चालतं.

क्रम असा. नाडीच्या गोलात चार गुणसूत्रं विस्कटून ठेवा. मग लांब लाल आणि लांब निळं शेजारी आणा, आखूड लाल आणि आखूड निळं शेजारी. आता पारगती: लांब जोडीतल्या एका लाल आणि एका निळ्या धाग्याचं टोक ३ सेंमीवर कापा आणि अदलाबदल करून चिकटपट्टीने जोडा. जोडीतल्या चारपैकी दोनच धाग्यांना हात लावायचा; चारही कापू नका. मग जोड्या मधल्या रेषेवर आणा, लाल एकीकडे आणि निळं दुसरीकडे, आणि ओढून वेगळ्या करा.

इथे हमखास चूक होते: हात आपसूक टिचबटण उघडायला जातो. पहिल्या विभाजनात बटण उघडायचं नाही. अख्खं गुणसूत्र जातं. नाडीचे दोन गोल करा. प्रत्येकात दोन गुणसूत्रं, प्रत्येक दोन धाग्यांचं. मोजायचा नियम सोपा: धागे मोजू नका, बटणं मोजा. लागलेलं बटण एक, उघडलेल्या बटणाचा प्रत्येक अर्धा एक. या एका नियमाने "चारची दोन नेमकी कधी झाली" हा प्रश्न सुटतो. दुसऱ्या विभाजनात बटणं टचकन उघडतात आणि चार पेशी तयार होतात.

फिल्म झाली की मधल्या रेषेवरून पुन्हा एकदा करा, या वेळी आखूड जोडी उलटी लावून. वेगळे युग्मक मिळतात. दोन जोड्यांत चार प्रकार, तीन जोड्यांत आठ. माणसाच्या २३ जोड्यांत ८३,८८,६०८. पारगती न धरता जवळजवळ ८४ लाख, आणि ऐकणारा प्रत्येक जण ८४ लाख योनी आठवून हसतो. निव्वळ योगायोग आहे, पण आकडा पाठ होतो.

तिसरा खेळ चुकीच्या विभाजनाचा. पहिल्या विभाजनात लांब जोडी वेगळी न करता एकाच बाजूला ढकला. एकीकडे तीन, दुसरीकडे एक, आणि शेवटी चारही युग्मक बिघडलेले. तीच चूक दुसऱ्या विभाजनात एकाच पेशीत केली तर दोन युग्मक ठीक निघतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र तीनदा येतं, बहुधा अशाच न सुटलेल्या जोडीमुळे.

चार चौकटी म्हणजे चार मुलं नव्हेत

पनेटच्या चौकोनाची (आईवडिलांच्या युग्मकांच्या जोड्या मांडणाऱ्या तक्त्याची) ॲनिमेशन्स देखणी असतात आणि एक गैरसमज पक्का करतात: चार चौकटींत चार बाळं दाखवतात. वाहक आईवडिलांच्या (स्वतः निरोगी, पण दोघांकडेही आजाराचा जनुक) बाबतीत मूल आजारी होण्याची एक चतुर्थांश शक्यता प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. दोन नाणी घेऊन चार-चार वेळा उडवा, अशा वीस "घरां"ची नोंद करा. दोन्ही छापे म्हणजे आजारी मूल. एकही आजारी नसलेली घरं आणि दोन-दोन आजारी असलेली घरंही दिसतील.

आपल्याकडे वंशवृक्ष काढताना आणखी एक गोष्ट येते. मामाच्या मुलीशी लग्न या भागात जुनं आहे, आणि काही तेलुगू-कन्नड घरांत मामा-भाचीचंही. वंशवृक्षात अशी जोडी दुहेरी रेघेने जोडतात. समजा दोघांचे समाईक आजोबा एका अप्रभावी आजाराचे वाहक आहेत, बाकी कोणी नाही. आजोबांकडून मामाकडे १/२, मामाकडून मुलीकडे १/२, म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता १/४. तिकडे आजोबा, आई, मुलगा, तीही १/४. दोघंही वाहक १/१६, आणि मूल आजारी १/६४. मामा-भाचीत मामाकडे एकच पायरी, म्हणून १/२ गुणिले १/४ गुणिले १/४, १/३२. प्रत्येक रेघेवर १/२ लिहीत गेलं की चूक होत नाही. हे गणित शिकण्यापुरतं आहे. घरात खरंच आजार असेल तर कागदावर सोडवत बसू नका, जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटा.

चेतापेशी आणि हृदय, थोडक्यात

पीएचईटीचं चेतापेशीचं सिम्युलेशन उघडा, विभवाचा आलेख आणि संहती दाखवणारे पर्याय टिक करा, वेग कमी करा, उद्दीपन द्या. ते मागे-पुढे नेता येतं, म्हणून एकाच ठोक्याकडे दहा वेळा बघा. उणे ७० मिलिव्होल्टवर विश्राम, उणे ५५ च्या आसपास उंबरठा, अधिक ३० पर्यंत चढ. चढताना सोडियम आत, उतरताना पोटॅशियम बाहेर. आलेख खाली आणणारा सोडियम-पोटॅशियम पंप नव्हे. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, हे त्याचं काम मागे सावकाश चालू असतं. संहतीचे आकडे बघत राहा: एका ठोक्यात ते जवळपास हलत नाहीत. विभव एवढं उलटपालट होतं, पण त्यासाठी फारच थोडे आयन लागतात.

हृदयाच्या ॲनिमेशनला एकच परीक्षा लावा: डावी-उजवी बाजू एकाच वेळी आकुंचन पावते का? नसेल तर बंद करा. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक फेरी ०.८ सेकंदांची, त्यात अलिंदं ०.१ आणि निलयं ०.३ सेकंद आकुंचन पावतात. झडपा स्नायूंच्या ओढीने नाही, दाबाच्या फरकाने उघडमिट करतात. "लब" म्हणजे अलिंद-निलय झडपा मिटल्या, "डब" म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या.

मूत्रपिंड: जिथे व्हिडिओपेक्षा कागद बरा

दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिली गाळतात. दिवसाला १८० लिटर, म्हणजे २० लिटरचे नऊ जार. पहिल्याच नलिकेत जवळपास सहा जार परत रक्तात जातात. शेवटी बाहेर पडतं साधारण दीड लिटर.

हेन्लेच्या वळणाची (मूत्रपिंडातल्या नलिकेच्या यू आकाराच्या भागाची) ॲनिमेशन्स सुंदर असतात आणि बघून कोणालाच काही कळत नाही, कारण दोन गोष्टी एकाच वेळी हलतात: मीठ बाजूला आणि द्रव पुढे. त्यांना आळीपाळीने हलवा. कागदावर तीन उभे स्तंभ काढा: उतरती नळी, मधलं ऊतक, चढती नळी. प्रत्येकात वरून खाली चार चौकटी. सगळीकडे ३०० लिहा. हे खारटपणाचं माप, मिलिऑस्मोलमध्ये.

पंप: चढत्या नळीतून मीठ मध्ये जातं, पाणी जाऊ शकत नाही. फरक २०० पर्यंतच. चढती सगळी २००, मधलं ४००. उतरत्या नळीतून पाणी निघतं आणि तीही मधल्याइतकी, ४००.

ढकल: वरून ३०० चे दोन डबे आत. उतरती आता ३००, ३००, ४००, ४००. खालचे दोन ४०० वळणावरून चढत्या नळीत, म्हणून चढती वरून खाली २००, २००, ४००, ४००.

पुन्हा पंप, प्रत्येक मजल्यावर फरक २००: वरच्या दोन मजल्यांवर उतरती आणि मधलं ३५०, चढती १५०. खालच्या दोन मजल्यांवर ५०० आणि ३००.

फक्त दोन वेळा पंप झाला आणि खालचा मजला वरच्यापेक्षा खारट झाला. असंच करत राहिलं की शरीरात तळाशी साधारण १२०० पर्यंत पोचतं. चार-पाच फेऱ्या स्वतः करा, मग व्हिडिओ लावा. आता त्यातला प्रत्येक बाण ओळखीचा वाटेल.

एडीएच या हॉर्मोनचं काम इथून पुढे. ते पाणी ओढत नाही, संग्राहक नलिकेत पाण्याची दारं उघडतं. पाणी जातं ते तळाच्या खारटपणामुळे. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ च्या वर गेला, घाम धो-धो वाहिला आणि पाणी कमी प्यालं, की एडीएच वाढतं, दारं उघडतात, लघवी थोडी आणि गडद होते.

आता व्हिडिओ न लावता एक प्रश्न सोडवा. फ्युरोसेमाइड हे औषध चढत्या नळीतला मिठाचा पंप अडवतं. रक्तात एडीएच भरपूर आहे, दारं सताड उघडी आहेत. लघवी कमी होईल की जास्त? कागदावरची पंपाची पायरी खोडा आणि फक्त ढकलत राहा. सगळ्या चौकटी ३०० च राहतात, आणि उघड्या दारापलीकडे पाण्याला ओढणारं कोणी उरत नाही.